मागून येणारीसाठी एक सुपारी

काशीत माणसं मरायला येतात, आणि मला नोकरी मिळाली ती त्यांना पन्नास वर्षांनंतरचं विचारायची. हे मी ज्याला ज्याला सांगितलं तो तो हसला आहे, तेव्हा वाचकांनीही आधी हसून घ्यावं.

त्या वेळी राज्य इंग्रजांचं होतं आणि दुसरं महायुद्ध अजून सुरू व्हायचं होतं. शहराचा पुढच्या पन्नास वर्षांचा आराखडा करावा असं वरच्या लोकांच्या मनात आलं, त्यासाठी एक छोटी कचेरी निघाली आणि तिच्यावर देवधर नावाचे इंजिनिअर आले. ते मूळचे नागपूरचे, विलायतेत शिकून आलेले. शहर कसं व्हावं हे शहरात राहणाऱ्यांनाच विचारायचं असतं, असं त्यांनी तिकडे ऐकलं होतं आणि ते त्यांनी फारच मनावर घेतलं होतं. पुरुषांना विचारायला कारकून होते. बायकांना विचारायला बाई हवी होती. आमच्या मोहल्ल्यात मॅट्रिक झालेली, मराठी-हिंदी दोन्ही बोलणारी आणि संसारात न अडकलेली बाई म्हणजे मी. न अडकलेली म्हणजे विधवा. अगदी लहानपणी माझं लग्न झालं आणि लगेच संपलंही. भावानं मला पुण्याला ठेवून शिकवलं आणि मग रामघाटावर आपल्या घरी आणलं. मी केस ठेवले होते, पायात बूट घालत होते आणि हातात छत्री घेऊन एकटी गल्ल्यांतून हिंडत होते. गल्लीतली पोरं मला 'पूछनेवाली' म्हणायची. मला ते नाव आवडायचं.

विचारणं हे काम सोपं वाटतं, पण तसं ते नाही. साहेबांनी मला जो प्रश्न घोकून दिला होता तो असा: "पन्नास वर्षांनी हे शहर कसं असावं असं आपल्याला वाटतं?" पहिल्या दिवशी ब्रह्माघाटावर एका म्हातारीला मी तो विचारला. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाई, मी कार्तिकापर्यंत जाईन म्हणते, आणि तू कुठल्या गोष्टी काढतेस?" दुसरीनं मला बसायला पाट दिला, गुळाचा खडा दिला आणि माझी दृष्ट काढली. कुणी म्हणालं, विश्वेश्वराची इच्छा. एका गृहस्थांनी, बायकोला विचारलं असताना मध्येच दारात येऊन, माकडांची सोय दुसऱ्या एखाद्या शहरात करावी अशी सूचना केली. शेजारच्या हलवायाला वाटलं मी मिठाईची चौकशी करतेय, त्यानं दोन पेढे नमुन्याला दिले. शहराच्या भविष्याबद्दल त्या आठवड्यात माझ्या पदरात पडलं ते एवढंच.

हळूहळू मला कळत गेलं. सकाळी कुणाला विचारू नये, सकाळ आंघोळीची आणि देवाची. दुपारचं जेवण आटोपून बायका तांदूळ निवडायला बसल्या की आपणही त्यांच्या ताटातले खडे काढायला बसावं. प्रश्न विचारू नयेच, आधी गुडघे कसे आहेत ते विचारावं. गुडघ्यांवरून सीढ्या, म्हणजे घाटाच्या पायऱ्या निघतात, सीढ्यांवरून पाणी, पाण्यावरून नळ, आणि मग सगळं शहरच निघतं. आणि मुख्य म्हणजे मी साहेबांचा प्रश्न बदलला. पन्नास वर्षांनी तुम्हाला काय हवं हे काशीत विचारायची सोय नाही. मी विचारायला लागले, "तुमच्या मागून इथं जी येईल, तिला काय लागेल?" हा प्रश्न मात्र प्रत्येकीला कळायचा. स्वतःसाठी काही मागणं ज्यांना जन्मभर जमलं नव्हतं, त्या दुसऱ्या कुणासाठी भराभरा मागायच्या. साहेबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "बाई, विलायतेत हे कुणी शिकवलं नाही."

एका घरात मात्र माझी डाळ शिजत नव्हती. बालाजीघाटाच्या वर काशीवासी बायकांचं एक जुनं घर होतं, कुण्या सरदारानं धर्मादाय म्हणून बांधलेलं. साताऱ्याकडच्या, कोकणातल्या, वऱ्हाडातल्या विधवा तिथं एकेक खोली घेऊन राहायच्या. केशवपन केलेलं, अंगावर लाल आलवण, दिवसातून एकदा जेवण. त्यांच्यात सगळ्यांत थोरली यमूकाकू. ती वाईची. आधीच बुटकी, त्यात कमरेत वाकलेली, आणि जिभेला धार. तिनं क्षेत्रसंन्यास घेतला होता, म्हणजे मरेपर्यंत काशीची हद्द ओलांडायची नाही असा नेम. मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिनं माझ्या बुटांकडे पाहिलं, मग केसांकडे पाहिलं आणि दार लोटून घेतलं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा म्हणाली, "आमच्या मागून येणारीची काळजी करायला आम्ही आहोत. तू तुझी कर." तरी मी जात राहिले. तिच्या बोलण्याचा मला राग यायचा, आणि तिचं वाकून वाकून गंगेवर जाणं पाहिलं की राग टिकायचा नाही. त्या घरापासून घाटाकडे उतरणाऱ्या सीढ्या उंच आणि गुळगुळीत होत्या. काकू भिंतीला हात लावत उतरायची, आणि जिथं भिंत संपायची तिथं खाली बसायची आणि बसत बसत पुढं सरकायची. मी हात पुढं केला तर म्हणायची, "सोवळ्यात आहे. दूर हो."

आराखड्याचा पहिला मसुदा तयार झाला तेव्हा साहेबांनी तो कापडावर मोठा काढून घेतला. लोकांनी तो पाहावा, त्यावर बोलावं, अशी त्यांची कल्पना. ब्रह्माघाटावरच्या वेदपाठशाळेच्या चौकात तो अंथरला. चौकभर पसरलेला नकाशा, त्यावर निळी गंगा, घाट, गल्ल्या, आणि काही तांबड्या रेघा. तांबडी रेघ म्हणजे नवा रस्ता. शहरातल्या चौक बाजारापासून एक रुंद रस्ता थेट नदीपर्यंत आणायचा होता आणि तो आमच्या वस्तीला चिरत बालाजीघाटाशी उतरत होता. ज्यांची घरं जातील त्यांच्यासाठी साहेबांनी फार हौसेनं पलीकडच्या तीरावर एक वसाहत काढली होती. सरळ गल्ल्या, प्रत्येक घराला अंगण, भरपूर हवा. तिथं त्यांनी हिरवी झाडंसुद्धा रंगवली होती.

लोक आले आणि चौकाच्या कडेनं उभे राहिले. नकाशावर कुणी पाऊल ठेवीना. सगळ्यांनी जोडे बाहेर काढले होते, दोघांतिघांनी गंगेला हात लावून डोळ्यांना लावला. साहेब म्हणत होते, "या, जवळ या, बघा तुमचं घर कुठं आहे." पण काशीवर पाय कोण देणार? शेवटी पाठशाळेचे थोरले गुरुजी पुढं झाले. गुरुजींचा जन्म इथलाच, त्यामुळं त्यांच्या मराठीत निम्मी हिंदी असायची. ते म्हणाले, "साहेब, हा नक्शा गलत मांडला आहे. गंगाजी अशा बगलेत? काशीचा माणूस बसतो तर गंगाजींच्या सामने बसतो. जरा फिरवून घ्या." चार विद्यार्थ्यांनी ते प्रचंड कापड उचलून फिरवलं. उत्तर दिशा डावीकडे गेली आणि गंगा समोर आली. तसे लोक खाली बसले आणि आपापलं घर ओळखायला लागले.

मग पुढचा प्रश्न उभा राहिला. नकाशात जे आहे ते दिसत होतं, पण जे हवं आहे ते कसं दाखवायचं? गुरुजींनी आत निरोप देऊन एका तबकात अक्षता आणि सुपाऱ्या आणवल्या. "पूजेत जो देव समोर नाही, त्याच्या जागी आपण सुपारी मांडतो," ते म्हणाले. "जे यायचं आहे ते तरी समोर कुठं आहे? त्याची सुपारी मांडा. आणि जे आहे, ते राहावं असं वाटतं, त्यावर अक्षता टाका. बस." साहेब आधी गोंधळले, मग हरखले. कचेरीची माणूस म्हणून तबक माझ्या हातात आलं. मी कडेकडेनं फिरत होते, बायका हात लांब करून सुपाऱ्या ठेवत होत्या. इथं नळ. इथं बाळंतिणीची खोली. इथं मुलींची शाळा. इथं गल्लीत दिवा. ठेवलेल्या प्रत्येक सुपारीवर गुरुजी दोन दाणे टाकत होते. गंमत म्हणजे पुरुषही आता नीट विचार करून बोलायला लागले. सुपारी हातात घेतल्यावर माकडांचा विषय कुणी काढीना.

तासाभरानं पाहिलं तर अलीकडचा तीर सुपाऱ्यांनी भरून गेला होता आणि पलीकडचा तीर कोरा होता. साहेबांच्या हिरव्या झाडांवर एक दाणासुद्धा नाही. त्यांना वाटलं लोकांचा हात पोचत नाही. ते स्वतः तबक घेऊन त्या बाजूला गेले आणि म्हणाले, "इकडेही ठेवा ना." सगळे खाली बघायला लागले. काशीत जन्म काढलेल्या माणसाला जे ठाऊक असतं, ते पूजेच्या जागी बोलायचं नसतं. दारात आमचा रामधनी मल्लाह उभा होता. मला कामासाठी या घाटावरून त्या घाटावर आपल्या होडीतून तोच न्यायचा. तो मात्र खुशीत होता. चौकभर ऐकू जाईल असं मला म्हणाला, "बने द बहिनजी। मरे के बेरिया सब हमरे नाव से एही पार अइहैं।" होऊ द्या वसाहत, मरायच्या वेळी सगळे माझ्याच नावेनं याच तीरावर येतील. चौकात हशा झाला. साहेबांनी तबक परत माझ्या हातात दिलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा मी सांगितलं, की काशीत मेलं तर मुक्ती, आणि त्या तीरावर मेलं तर गाढवाचा जन्म, असं इथं सगळे मानतात. साहेब हसले, आणि मग कुणीच हसत नाही हे पाहून गप्प झाले.

हे सगळं होत असताना भिंतीला लागून काशीवासी बायकांची रांग उभी होती. लाल आलवणांची एक ओळच. त्या आल्या याचंच मला नवल वाटलं होतं. पण अक्षता आणि सुपाऱ्या म्हणजे मंगल वस्तू, आणि त्यांचे हात अशा वस्तूंपासून कैक वर्षांपूर्वी दूर झालेले. त्या ठेवणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं, गुरुजींना ठाऊक होतं, आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या हातून तबक त्यांच्यासमोरून सरळ पुढं गेलं होतं. आणि जी तांबडी रेघ खाली उतरत होती ती बरोबर त्यांच्याच घरावरून जात होती.

यमूकाकूनं मला खुणेनं बोलावलं. "माझी खोली कुठं आहे यात?"

मी दाखवली.

"आणि ही तांबडी?"

"रस्ता आहे, काकू."

"मग आम्ही कुठं?"

मी पलीकडच्या तीराकडे बोट केलं. माझं बोट कसं उचललं ते माझं मला माहीत. काकू बराच वेळ त्या हिरव्या झाडांकडे पाहत राहिली. तिनं घर सोडलं होतं, वाईची कृष्णा सोडली होती, एका मुलीला पुन्हा न भेटण्याच्या बोलीवर सोडलं होतं, ते एवढ्यासाठी की शेवटचा श्वास या हद्दीत जावा. एका रेघेनं ते सगळं नदीपार जात होतं.

मी म्हटलं, "काकू, तुम्हीही ठेवा. तुमच्या घरावर अक्षता टाका. साहेब बघताहेत."

तिनं माझ्याकडे मान वर करून पाहिलं. वाकलेल्या माणसाला तशी मान करणं कष्टाचं असतं. म्हणाली, "तू केस ठेवलेस. बूट घालतेस. गावभर एकटी हिंडतेस. आणि मघापासून सगळ्यांना सुपाऱ्या वाटतेस, त्यातली एक तरी स्वतः ठेवलीस का गं?"

नव्हती ठेवली. ठेवावी असं मनातसुद्धा आलं नव्हतं. मी कचेरीची माणूस आहे, म्हणून नाही ठेवली, असं मी स्वतःला सांगू शकले असते, पण ते खरं नव्हतं. पुण्यात शिकून आलेल्या माझ्या हातांनाही आपली जागा पक्की ठाऊक होती. मला रडू आलं आणि ते सगळ्यांसमोर आलं.

मग मी तबकातल्या अक्षता मुठीत घेतल्या, गुडघ्यांवर बसले आणि त्या घरावर टाकल्या. काकू माझ्या शेजारी बसली. तिनं मूठ भरून अक्षता टाकल्या. मागून दुसरी आली, मग तिसरी. एकेक लाल आलवण भिंतीपासून सुटून पुढं येत होतं आणि वाकत होतं. घर अक्षतांनी झाकलं, रेघही झाकली, आणि तरी हात थांबेनात. मी गुरुजींकडे बघायचं टाळत होते. शेवटी बघितलं. ते आपलं उपरणं सावरत उठले, समोर बसलेल्या पुरुषांना म्हणाले, "जरा जगह करा. बायांना पुढे येऊ द्या."

काकूनं सगळ्यांत शेवटी एक सुपारी उचलली. ती तिनं घरावर ठेवली नाही. घरापासून घाटाकडे जाणाऱ्या सीढ्यांवर ठेवली, जिथं भिंत संपते तिथं.

"इथं धरायला काहीतरी हवं," ती म्हणाली.

"तुम्हाला?"

"मला कशाला? माझी सरकायची सवय झालीय. मागून येईल तिला. तूच नाही का विचारत फिरतेस?"

गुरुजींनी इतरांच्या सुपाऱ्यांवर टाकले तसेच दोन दाणे तिच्याही सुपारीवर टाकले.

दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेले तर देवधर साहेबांनी नवा कागद लावला होता. रस्ता वस्तीच्या बाहेरून वळवला होता आणि वसाहत याच तीरावर, हद्दीच्या आत आणली होती. हवा थोडी कमी मिळेल म्हणाले. त्या आराखड्यावर आम्ही पुढं पुष्कळ काम केलं. मी आणखी कितीतरी मोहल्ल्यांत विचारत हिंडले. मदनपुऱ्यात विणकरांच्या घरी चहा प्यायले, अस्सीला दह्याचं ताक पिऊन पोट बिघडवून घेतलं. तो आराखडा सुंदर झाला होता असं मी आजही म्हणेन. तो वर गेला, आणि तेवढ्यात युद्ध सुरू झालं. मग पैसा नाही, सिमेंट नाही, लोखंड नाही. कचेरी बंद झाली. नकाशे गुंडाळून कुठल्यातरी कपाटावर गेले. पुढं राज्य बदललं, तरी ते कुणी खाली काढले नाहीत. त्या सुपाऱ्यांपैकी नळ आले ते उशिरा आणि दुसऱ्याच कुणाच्या हातून. मुलींची शाळा आली. बाळंतिणीची खोली अजून यायची आहे. कधी कधी वाटतं, इतक्या लोकांना आशा लावून आपण उठून आलो, हे बरं केलं का?

कचेरी बंद व्हायच्या आधी साहेबांनी एक काम मात्र करून घेतलं. किरकोळ दुरुस्तीत घालून बालाजीघाटाच्या त्या सीढ्यांना एक लोखंडी दांडा बसवला. लोहार माप घ्यायला आला तेव्हा काकू आंघोळीहून परतत होती. त्यानं तिलाच उभं केलं आणि तिच्या हाताच्या उंचीवर भिंतीच्या टोकाला खूण केली. मी म्हटलं, "अरे, हे फार खाली होतंय. चांगल्या माणसाला धरायचं तर वाकावं लागेल. वर घे."

काकू म्हणाली, "राहू दे त्याला तिथंच. धडधाकट माणसाला दांडा लागत नाही."

तिनं तो वापरला, पण फार दिवस नाही. थंडीत ती आपल्या खोलीतच गेली, हद्दीच्या आत, तिला हवं होतं तसं. गंगाजळ मी तिच्या तोंडात घातलं. सोवळ्याचं काही बोलली नाही. हात माझ्या हातातून सोडवून घेतला नाही.

पुढं मी नगरपालिकेच्या शाळेत नोकरी केली आणि निवृत्त झाले. भाऊ गेला, भाचरं नोकऱ्यांच्या मागं ग्वाल्हेरला, इंदूरला गेली. त्यांनी बोलावलं, मी गेले नाही. बालाजीघाटावरच्या घरात एक खोली मागितली. मिळाली ती यमूकाकूचीच. घर अजून उभं आहे, कारण तांबडी रेघ त्यावरून पुन्हा कधी गेली नाही, आणि आराखडा झाला नसला तरी त्याचे एवढे उपकार मानायला हवेत.

मधल्या सगळ्या वर्षांत मी त्या सीढ्या चढता उतरताना दांड्याला नावं ठेवत आले. खाली बसवलाय, कुणाच्या उपयोगाचा नाही, लोहाराला मी सांगत होते, असं मी भेटेल त्याला ऐकवलं असेल. पुराचा गाळ बसला की दांडा धुवून काढायचे, पण धरायचे नाही. अलीकडे कमरेत बाक आला आहे. त्या खोलीत राहायला आल्यावर पहिल्या सकाळी आंघोळीला निघाले, भिंत संपली तिथं पाय डगमगला, आणि मी न बघता हात बाजूला टाकला. दांडा बरोबर हाताच्या उंचीवर होता.